हरवलेला कोन, व्हाया सुलतान बाजार

काचीगुड्याहून ताईचा फोन आला. "इराची सोमवारी गणिताची फेरपरीक्षा. यातही गेली तर नववीतच बसवणार." त्रिकोणाचे दोन कोन देऊन तिसरा विचारला, की माझी भाची कोनमापक लावून मोजायची. परीक्षेतल्या आकृत्या मापात नसतात, त्यामुळे उत्तर हमखास चूक.

मी नांदेडला वीस वर्षं भूमिती शिकवते. शिवाय 'आनंददायी गणित' प्रशिक्षणातून ताजी ताजी परतलेली. तिथे मिळालेली कागदी टोपी आणि 'कोन चोरीला गेला!' अशी रंगीत कार्डं पिशवीत टाकून शुक्रवारची गाडी पकडली.

शनिवारी सुलतान बाजार. काचीगुड्याहून ऑटो करू नका, गर्दीत चालणारा आधी पोचतो. मी इराला टोपी घातली आणि दुकानांच्या छपरांत कोन शोधायला लावलं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"क्या ढूँढ रहे मॅडम?" कापडवाल्याने विचारलं.

"एक कोना गुम गया भैया," इरा म्हणाली.

"पिछली गल्ली में देखो. उधर सब मिलता."

कार्डांचं तिने एका वाक्यात श्राद्ध घातलं. "नक्को मावशी, हे बच्च्यांचं आहे." खरं सांगते, राग आला. प्रशिक्षणात आम्ही चाळीस शिक्षक त्याच टोप्या घालून टाळ्या वाजवत होतो.

मग तिथून जवळच, हिमायतनगरला इडली खायला गेलो. (सकाळी जा, चटणी ताजी असते.) इराने कागदी रुमालावर त्रिकोण काढला. दोन कोन लिहिले, पस्तीस आणि पासष्ट. "तिसरा सांग."

कोपरा चांगला काटकोनी दिसत होता. "नव्वद!"

"मावशी, बेरीज तरी कर."

पस्तीस नि पासष्ट शंभर. म्हणजे ऐंशी. 'आकृतीवर जाऊ नका' असं वीस वर्षं ओरडणारी मी, आकृतीवरच गेले. कार्टी इतकी हसली की वेटर बघायला आला.

त्यानंतर ती थांबेचना. मला फसवायला आधी स्वतः हिशेब करावा लागतो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. रविवारभर तिने ताईला फसवलं, भावजींना फसवलं. कोनमापक कुठे पडलं कुणास ठाऊक.

मी घरी परतले. कार्डं कपाटात आहेत, हवी असतील तर घेऊन जा. वर्गाला मी आता एकच काम देते, बाईंना फसवा. पोरं घंटेआधी वह्या उघडून बसतात. प्रशिक्षणातल्या टोप्यांचा खर्च उगाच झाला.

निकालाच्या दिवशी इराचा फोन आला. "पास झाले! आणि मावशी, काल मी पाठवलेल्या चौकोनात तू परत चुकलीस."