तणसाचं चाक आनं परीची घंटी

गाठ सुटेच ना. परी माझी पोरगी, अडीच वर्साची. पडू नये म्हनून मी तिले सायकलच्या पुढच्या दांड्यावरच्या सीटले ओढनीनं बांधलं होतं. घामानं गाठ अशी आवळली का नख शिरेना. आनं समोर, दोन बैलबंड्या उभ्या राह्यतील एवढ्याच अंतरावर, तो रस्त्यात बसून होता. जंगलात त्याचं नाव घेत नाईत, तुमी समजून घ्या. मागलं चाक फुसकं, सायकल जोरात हानता येत नाई. पोरगी बांधलेली, सायकल टाकून पळता येत नाई. आनं परी घंटीकडं हात नेऊन राह्यली होती!

थांबा, पयल्यापासून सांगतो.

आमी ऊर्जानगरच्या बाजूले राह्यतो. परीचे बाबा ठेकेदाराकडं कामाले जातात. एक सायेब कॉर्टर सोडून गेले, त्यायची गेरची सायकल आमाले भेटली. गेर सहा, चालते एकच. माझी शाळा सातवीत सुटली, पन सायकल सुटली नाई. मी तशी लय भित्री. पालीले भेतो, फोन वाजला तं भेतो. पायडल मारलं का तेवढीच छाती शांत होते.

मूल गावाकडं माझं माहेर. परीच्या बाबायनं बजावलं, "यष्टीनं जाजो. सायकल टपावर टाकजो. जंगलातून सायकलीनं गेली ना, तं मी हे भंगारात देईन." मी हो म्हनली. तिकिटाचे पैसे कंबरेले खोचले, आनं निघाली सायकलीनंच. काऊन? तं मागली ट्यूब जुनी झाली होती, त्या पैशात नवी घेईन म्हनून.

सकाळी रस्ता असा गार, मोहाचा वास असा गोड, का परी आनं मी गानेच म्हनत गेलो. जंगल लागायच्या आधी एका झाडाखाली बाया मोहफुलं येचत होत्या. एका म्हातारीनं हाक मारली, "एकटी कुठी चालली वं पोरी? थांब, आमी निघतोच. सोबतीनं जाऊ."

"माझ्याकडं सायकल हाय, आजी. मी भुर्रकन जाईन."

"भुर्रकन तं पाखरू जाते माय, त्याले पंख असते!" बाया खदखदा हासल्या. तरी शिळा भात आनं अंबाडीची भाजी परीले चारली. मी थांबली नाई.

थोडं पुढं गेली आनं ट्यूब फुटली. तेच जुनी! हासावं का रडावं? आता मागं फिरली तं बाया आनखी हासतील. बाजूच्या बांदीत (धानाच्या शेतात) तणस (धानाचं वाळलं गवत) पडलं होतं. माझे बाबा असंच करत, म्हनून मी बी टायरात तणस ठासून भरलं. सायकल चालली, पन थुडुक थुडुक, म्हातारीच्या चालीनं. परीले मोठी मजा. "आई, घोला!"

असा हा घोडा जंगलातल्या मोडीवर (वळनावर) आला आनं मी बिरेक दाबला.

पुढचं तुमाले ठाऊकच हाय. मी परीचा हात धरायच्या आधी तिनं घंटी वाजवली. ट्रिंग ट्रिंग. रस्ता मागतात तशी.

त्यानं मान वळवली. मी परीच्या डोक्यावर वाकली, तिचे केस माझ्या तोंडात. एवढंच आठवते, का केसाले मोहाचा वास होता. मग तो उठला, अंग ताणलं आनं बांबूत गेला. घाई नाई, काई नाई.

किती वेळ उभी राह्यली काय माहीत. मागून बायायचा आवाज आला. टोपले डोक्यावर, जोरजोरात बोलत.

"काऊन वं, पाखरू बसलं का?" म्हातारी म्हनली. मी गाठच ओढत होती. तिनं धुळीतला पंजा पाह्यला, मंग मले पाह्यलं. हासली नाई. कंबरेचा विळा काढून ओढनी कापली, परीले कडेवर घेतलं. परीनं बांबूकडं बोट केलं. "हो माय, मोठी माऊ गेली," म्हातारी म्हनली. माहेरच्या फाट्यापरेंत त्या बाया माझ्या दोन्ही बाजूनं चालल्या.

माहेरी मी कोनालेच सांगितलं नाई. परतताना यष्टीनं आली, सायकल टपावर. सारा रस्ता खिडकीतून पाह्यला. ते मोड आली तवा परीले छातीशी असं धरलं का ते रडली. मनात म्हनली, आता एकटी नाई, परीले घेऊन तं नाईच नाई. पन घरी सांगितलं आनं सायकलच भंगारात गेली तं ह्या छातीतली धडधड मी कुठी नेऊ?

संध्याकाळी परीचे बाबा जेवाले बसले. म्हने, "यष्टीत जागा भेटली होती ना जाताना?"

मी भात वाढत होती. परी त्यायच्या मांडीवर चढली आनं म्हनली, "बाबा, मोठी माऊ! मी ट्लिंग ट्लिंग केलं, माऊ गेली!"

बाबा हासले. "कोनती माऊ वं?" मग हासनं थांबलं. त्यायनं दारातल्या सायकलीकडं पाह्यलं. मागल्या टायरातून तणसाची काडी बाहेर आली होती. मग माझ्याकडं पाह्यलं.

हातात भाताचा चमचा तसाच. बायायहो, तुमी माझ्या जागी असत्या, तं काय म्हनलं असतं?