पाव गोळी

देवपुरातल्या प्रमिलाबाई पुण्याला इंटरपर्यंत शिकल्या होत्या, म्हणून घरात कागदावरचं काही आलं की ते त्यांच्याकडेच यायचं. १९३६ च्या दिवाळीनंतर धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या नऊ वर्षांच्या सुनंदाला फेफऱ्यावर ल्युमिनल लिहून दिलं, तेव्हा तेही त्यांच्याच हाती आलं. रोज संध्याकाळी अर्धी गोळी. अडकित्त्याने तोडायची, मधात द्यायची, एक दिवसही चुकवायची नाही.

सुनंदाचं डोकं भारी तल्लख. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ती अंगणात लंगडी घालत म्हणायची आणि मध्येच आजीला अडवायची, "आजी, नऊ औटे किती?"

"तुना सासराले इचार," प्रमिलाबाईंच्या सासूबाई, भिकुबाई, म्हणायच्या.

गोळी सुरू झाली आणि फेफरं थांबलं. पण पोर ताटावरच पेंगू लागली. सहा औट्यांवर अडायची, बोटं मोजायची, मग ओशाळून हसायची. ते हसणं पाहिलं की प्रमिलाबाई विचार करायच्या. फेफरं येऊन जायचं. हे मात्र येऊन राहिलं तर? नदी ओलांडून डॉक्टरांना विचारायचं, एवढंच काम होतं. त्या गेल्या नाहीत. स्वतःच ठरवलं आणि अर्धीची पाव केली.

चार दिवसांत सुनंदा पूर्वीसारखी घडाघडा बोलू लागली. पाचव्या दिवशी आजीबरोबर पांझरेवर धुणं धुताना ती एकाएकी फेफरं येऊन पाण्यात कोसळली. भिकुबाईंनी वेणीला धरून वर ओढली, कुशीवर निजवली, आणि हुंगवायला कुणी पुढे केलेली चप्पल बाजूला सारली.

पोर घरी येऊन झोपली, तेव्हा प्रमिलाबाईंना राहवलं नाही. "अक्का, गोळी मी कमी केली होती."

"माले माहीत शे. डबीमा तुकडा दखेल व्हता मी."

"मग बोलला का नाहीत?"

भिकुबाई नातीचे ओले केस पुसत राहिल्या. "कसं बोलू? माले बी तीच पोर पाहिजे व्हती."

त्या संध्याकाळी प्रमिलाबाईंनी नवी गोळी काढून बरोबर मधोमध तोडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन केलेलं सगळं सांगितलं. ते रागावले, मग म्हणाले, "महिनाभरात झोप उतरेल. बहुतेक."

तिथून त्या सुनंदाला घेऊन थेट शाळेत गेल्या. उद्या पोरीला मागणी कोण घालील म्हणून फेफऱ्याची गोष्ट शाळेत कुणाला सांगितली नव्हती. वर्ग भरलेला होता.

"गुरुजी, हिला फेफरं येतं. औषध चालू आहे, त्याने ती सावकाश झालीय. काही विचारलंत तर जरा थांबा."

गुरुजींनी मान हलवली आणि पुढच्या बस्करावर जागा केली. सुनंदा बसली, वळली, आणि सगळ्यांसमोर सांगितल्याबद्दल आईकडे रागाने बघत राहिली. अर्ध्या गोळीवर इतक्या जाग्या डोळ्यांनी तिने कधीच बघितलं नव्हतं.