कातळामागची वाट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण उद्या होटगीला जाऊन हेच बोलायचंय आणि तिथं जीभ अडखळायला नको.

रफीक माझा जुना दोस्त, ट्रक चालवायचा. आम्ही दोघं उजनीच्या पाण्यात गळ टाकून बसणारे. समुद्राच्या गप्पा मात्र मीच हाणायचो — एकदा काय रत्नागिरीला जाऊन आलो होतो! नारळी पौर्णिमा झाल्यावर त्यालाही कोकणात घेऊन गेलो. खोल पाण्यात न्यायला होडीवाला तयार होईना. बाहेर लाट अजून मोठी होती. रफीक आमिषाला कोळंबी आणायला गेला, तेव्हा होडीवाला मला म्हणाला, "किनाऱ्यालाच कातळावर बसा. पण भरती लागली की उठा. मागची वाट आधी बुडते."

मी हे रफीकला सांगितलं का? नाही. समुद्र मला कळतो म्हणून इतकी फुशारकी मारलेली — आता होडीवाल्यानं शिकवलं असं कसं म्हणणार? वेळ आली की मीच ऐटीत म्हणेन, चल, ऊठ. आणि उजनीचं पाणी चढायला दिवसच्या दिवस लागतात. इथंही निवांत उठता येईल असं मी धरून चाललो.

मग तांबोशी गळाला लागायला लागली. मी विसरलो? छे, विसरलो नव्हतो. मागच्या वाटेवर पाणी आलेलं दिसलं आणि आधी मी पलीकडे आलो — हो, आधी मी. मग हाक मारली. तोवर लाटेनं त्याला दगडांत आपटलं होतं. गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्यात त्याच्या बायकोनं विचारलं, "भाई, तुमी समुद्र बघितलेला की. सांगितलं न्हाय का त्यांना?"

"सांगितलं होतं, भाभी," मी म्हणालो. "त्यानं ऐकलं नाही."

रफीकनं ते खरं मानलं. वाऱ्यात ऐकू आलं नसेल, म्हणाला. त्याचा ट्रक सुटला. आता होटगीला टायरच्या दुकानात बसून असतो, आणि पोरावर चिडला की माझ्याकडे बोट दाखवतो — "ह्यानं सांगितलं व्हतं की! मी ऐकलं न्हाय, बघ पाय." दर वेळी मी खाली मान घालून चहा पीत राहतो. लाज वाटते, तरी पीत राहतो.

उद्या चहाच्या आधी बोलणार. दोस्ती राहील का? न राहो. भाभीसमोरच बोलणार, कारण विचारलं तिनं होतं — भाभी, मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यानं ऐकावं असं मी काही बोललोच नव्हतो.