अण्णांनी भरलेलं पाणी

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माझं परतीचं तिकीट बघ की रे. दिवाळीच्या आधीचं मिळालं तर बरं." मी "बरं" म्हटलं खरं, पण मला ते मुळीच बरं वाटलं नाही. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. सोलापूरच्या फ्लॅटमध्ये अण्णा एकटे. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खायचा आणि फोनवर मला "मस्त चाललंय" म्हणून सांगायचं, असा त्यांचा कारभार. मोठ्या खटपटीनं त्यांचं ग्रीन कार्ड करून जुलैत त्यांना अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आणलं होतं. आता ते कायमचे इथेच राहणार असं आम्ही धरून चाललो होतो. आणि तीन महिन्यांत हे तिकीट.

का जायचंय, म्हणून विचारलं तर म्हणाले, "उगाच. तिकडं घर बंद पडलंय." पंख्याला गंज चढेल, नळ गळत असेल. मला ती कारणं पटली नाहीत, पण वाद घालायचा नाही असं मी ठरवलं होतं. मी मुळात तापट माणूस. बायकोवर, मुलीवर, ऑफिसातल्या प्रिंटरवर, सगळ्यांवर माझं तोंड चालतं. अण्णांवर मात्र या तीन महिन्यांत एकदाही आवाज चढवला नव्हता. त्यांना जागेवर चहा, जागेवर पेपर. भांडी विसळायला उठले की बायको म्हणायची, "राहू द्या अण्णा, तुम्ही बसा." पानं गोळा करायला रेक हातात घेतला की मी म्हणायचो, "मी करतो, तुम्ही बसा." आपण वडिलांना किती जपतो, याचा मला फार अभिमान होता.

त्याच दिवशी मला बोटीचं काम उरकायचं होतं. बोट म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. माझ्या लग्नापेक्षा जुनी, सहा माणसं बसतील एवढी. गल्लीतल्या एका रिटायर्ड अमेरिकन काकांकडून घेतलेली. हिचं इंजिन बोटीच्या आतच मागच्या टोकाला असतं, आणि पंख्याचा पाय तेवढा बाहेर पाण्यात. गाडीसारखं हिला स्वतःचं कूलंट नाही. तळ्याचंच पाणी ओढून घेते, त्यानं इंजिन गार करते आणि मागून टाकून देते. उन्हाळाभर सोय उत्तम. पण थंडीत इंजिनात राहिलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक चक्क तडकतो. मग इंजिन गेलं, आणि एवढ्या जुन्या बोटीत नवं इंजिन कोणी घालत नाही. म्हणून दर वर्षी थंडीच्या आधी सगळं पाणी काढून टाकायचं, वर गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, भरायचं आणि मग बोट उत्तरेला एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवायची. आधीच्या दोन वर्षी ते काका स्वतः येऊन हे करून द्यायचे. यंदा ते अ‍ॅरिझोनाला मुलाकडे राहायला गेले. म्हणून मी तीन व्हिडिओ बघितले आणि स्वतःला मेकॅनिक समजायला लागलो.

खरा मेकॅनिक घरातच होता. अण्णांनी पस्तीस वर्षं सरकारी बसडेपोत काढली, शेवटची दहा हेडमेकॅनिक म्हणून. सकाळी घरासमोर ट्रेलरवर उभ्या बोटीच्या इंजिनाचं झाकण उघडलं तेव्हा ते माझं जाड जॅकेट घालून ड्राइव्हवेत आले होते.

"काय करणार हिचं?"

"विंटराइज."

"म्हणजे?"

"थंडीसाठी बंद करून ठेवायची अण्णा. ते इथलं असतं सगळं. गार आहे बाहेर, तुम्ही आत बसा."

ते दोन मिनिटं इंजिनाकडे बघत उभे राहिले आणि आत गेले.

मी बागेची नळी लावून इंजिन चालवून गरम केलं, बंद केलं, मग त्याच्या दोन्ही बाजूंची, पाणी सोडायची पितळी बुचं काढली. उजवीकडून धार लागली. डावीकडून थोडं पाणी ठिबकलं आणि थांबलं. म्हटलं, झालं रिकामं. व्हिडिओत कसं मोजून दहा मिनिटांत होतं, तसंच. बुचं परत लावली, अँटिफ्रीझ ओतायला वरची रबरी नळी काढून ठेवली आणि गॅरेजमधला कॅन उचलला तर त्यात तळाशी बोटभर माल. गेल्या वर्षीचा उरलेला. मी सहा कॅन आहेत असं धरून चाललो होतो. घरात सगळ्यांना लिस्ट करून खरेदीला पाठवणारा मी.

रात्री पारा पंचवीस फॅरनहाइटपर्यंत उतरणार होता, म्हणजे अण्णांच्या हिशेबात शून्याखाली चार. अर्ध्या गावाला बहुतेक एकदमच जाग आली असावी, कारण पहिल्या दुकानात गुलाबी कॅनचा रॅक रिकामा. दुसऱ्यातही तेच. तिसरं दुकान चाळीस मिनिटांवर. येताना हायवेवर ट्रॅफिक. घरी पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि ऊन समोरच्या छपरावर चढलं होतं. पण मी निवांत होतो. पाणी काढलेलं आहे, आता फक्त ओतायचं.

अण्णा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले, आणि चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान.

"तू इंजिन कोरडं टाकून गेला होतास," ते म्हणाले. "नळी पण काढलेली. मी पाणी भरलं. तोंडापर्यंत. नळी बसवून क्लॅम्प आवळलाय."

मी कॅन खाली ठेवले. आता इथे खरं सांगायचं तर, मला त्यांचं म्हणणं तेव्हाही कळलं होतं. सोलापूरच्या मेकॅनिकला कोरडं इंजिन म्हणजे पाप. पस्तीस वर्षं रोज सकाळी आधी पाणी, मग ऑइल, मग बाकीचं. पाण्याविना सोडलेली गाडी दिसली की ड्रायव्हरची चामडी सोलायचे अण्णा. थंडीनं पाणी गोठून लोखंड तडकतं हे त्यांना कोणी सांगायला पाहिजे होतं, आणि सांगायला मी होतो. हे सगळं मला कळलं होतं. तरी माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी ओरडलो. "माहीत नाही तर हात कशाला लावायचा? रात्री गोठून ब्लॉक फुटेल ना. दिवसभर मी मरमर केली ती काय उगाच? जरा विचारता येत नाही?"

शेजारची बाई कुत्रा घेऊन चालली होती, ती थबकली. आतून बायको दारात आली. मुलगी तिच्या मागे, "डॅड, स्टॉप," म्हणत. अण्णांनी मान वर केली नाही. ओल्या हातांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "गोठून फुटतं होय. हे मला माहीत नव्हतं." आणि उठले. मला वाटलं आता आत जातील, खोलीचं दार लावतील आणि उद्याचंच तिकीट मागतील.  पण ते आत गेले नाहीत. माझ्या टूलबॉक्समधून पाना घेतला आणि बोटीच्या शिडीला हात घालून म्हणाले, "मग काढू या की. अंधार पडायच्या आत होईल."

मी त्यांना थांबवायच्या आत ते वर चढले होते. दोघांनी मिळून उजवं बूच काढलं. धार लागली, बादली भरली. मग डावं. थोडं पाणी ठिबकलं आणि थांबलं.

"झालं हे," मी म्हटलं.

"एवढंच?"

"सकाळी पण एवढंच आलं होतं."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. "सकाळी पण?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आत्ता मी तोंडापर्यंत भरलंय. उजवीकडून बादलीभर आलं. मग डावीकडचं गेलं कुठं?"

 त्यांनी भोकावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, वास घेतला. "गाळानं बुजलंय. सकाळी पण रिकामं झालं नव्हतं हे. तू बूच लावून मोकळा झालास."

मुलीला हाक मारून त्यांनी कपड्याचा तारेचा हँगर मागितला. तो पक्कडीनं सरळ केला आणि भोकात घालून कोचायला लागले. आधी नुसत्या गंजाच्या खपल्या आल्या. मग चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ. अण्णांनी मनगट फिरवून तार आणखी आत ढकलली, आणि एकदम तपकिरी पाण्याची धार सुटली ती त्यांच्या बाहीवरून, छातीवरून, खाली माझ्या बुटांवर. ते हलले नाहीत. पाणी स्वच्छ येईपर्यंत तार फिरवत राहिले. मी बघत होतो. त्या बाजूला एवढं पाणी दिवसभर होतं. वरून मी अँटिफ्रीझ ओतलं असतं, फोटो काढून सगळ्यांना पाठवला असता, आणि त्या रात्री गोठून इंजिनाची ती बाजू गेली असती. अण्णांनी पाणी भरलं नसतं तर मला हे एप्रिलपर्यंत कळलं नसतं. मी इतका खजील झालो होतो की बादली उचलायच्या निमित्तानं खाली उतरलो.

मग बाकीचं व्हायला वेळ लागला नाही. बुचं लावली. अण्णांनी फनेल धरला, मी एकेक कॅन ओतला. पाचव्या कॅनला मागच्या पायातून गुलाबी पाणी पडायला लागलं. "आलं," अण्णा म्हणाले, आणि खिशातल्या रुमालानं इंजिनावरचं ओघळलेलं पुसून घेतलं. उजेड जेमतेम उरला होता. वारा चावायला लागला होता.

गॅरेजच्या सिंकपाशी आम्ही हात धुवायला उभे राहिलो. कपडे धुवायची पावडर चोळत होतो. मी म्हटलं, "अण्णा, मघाशी मी फार बोललो. चुकलं माझं."

"बोललास ते बरं केलंस."

मला वाटलं टोमणा आहे. पण तो टोमणा नव्हता. नखांतला गाळ काढत ते म्हणाले, "तीन महिने झाले येऊन. बसा म्हणता, बसतो. जेवा म्हणता, जेवतो. परवा मी चहा केला, साखरेऐवजी मीठ पडलं, पहिल्याच घोटाला कळलं मला. सूनबाईनं सगळा प्यायला आणि छान झालाय म्हणाली. मला रात्री झोप आली नाही रे. म्हटलं, पाहुणा आहे मी इथं. पाहुण्यावर कोण ओरडतंय?"

नळ चालू होता, तो मी बंद केला नाही. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असं वाटत होतं. आपण त्यांना जपतो म्हणून ज्याचा एवढा तोरा मिरवला, त्याच गोष्टीनं आम्ही त्यांना घराबाहेर काढत होतो.

"तिकिटाचं राहू दे," अण्णा म्हणाले. "एप्रिलात हे चालू करताना तू परत काहीतरी घोळ घालशील."

मी मान डोलावली. तेवढ्यानं ते थांबले असते तरी चाललं असतं, पण आता त्यांचा आवाज चढला. "आणि बूच काढल्यावर तारेनं कोचून बघायचं असतं, एवढं कळू नये? एक बाजू धो धो वाहते, दुसरी ठिबकते, आणि तू बूच लावून दुकानात पळतोस? डोकं कुठं गहाण ठेवलं होतंस? माझ्या डेपोत असतास तर दुसऱ्या दिवशी हाकलला असता तुला." तीन महिन्यांत तेही माझ्यावर पहिल्यांदाच ओरडत होते. चांगली पाच मिनिटं ओरडले. बायको दारात येऊन उभी राहिली, तर तिलाही म्हणाले, "आणि तू गं, मिठाचा चहा पितात का?" मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, अण्णा, थांबू नका.