दोघांच्या सायकलीसाठी व्हॅन

व्हॅन घ्यायचं मी एकटीने ठरवलं. घरात कुणी मागितली नव्हती, आणि आमच्या ह्यांनी तर ऐकताच तोंड फिरवलं. "चालवणार कोण?" म्हणाले. मी चालवणार, म्हटलं. आमच्या ग्वाल्हेरात दर्पण कॉलनीतून शिकवायला शाळेत स्कूटरने जाताना जी बाई रिकाम्या रस्त्यावर पण हॉर्न वाजवते, ती व्हॅन चालवणार म्हटल्यावर आमची मुलगी खो खो हसली. हसू दे. मी एकदा ठरवलं की ठरवलं. माहेरी ह्याच स्वभावासाठी बोलणी खाल्ली, सासरी सगळ्यांना सवय झालीय.

कारण सांगते. ह्यांना काचबिंदू आहे, आणि तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता. आयटीआयमध्ये हे फिटर ट्रेडचे मास्तर. तीस वर्षं पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं. आणि सायकल म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. रोज पहाटे निघायचे ते मी चहाचं आधण ठेवेपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर करून परत. मग नजर बाजूंनी आत आत येत गेली. दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले ते टेम्पोच्या चाकापासून हातभर अंतरावर. त्या दिवशी सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. पुढे नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत पंख्याखाली बसून राहायला लागले. विचारलं तर एकच उत्तर, "जरा धूसर आहे." वर्षभर तेच. दिसत नाही, हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत. त्यांनी नाही आणि आम्ही दोघींनीही नाही.

पुण्याहून माझ्या भावाने ट्रकने एक सायकल पाठवली. दोघांनी मिळून चालवायची, लांबलचक. पुढचा हँडल धरतो आणि रस्ता बघतो, मागच्याने फक्त पॅडल मारायचं. ह्यांनी तिच्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, "मला मागे बांधून न्यायला मी काय पोतं आहे?" झालं. तीन महिने ती व्हरांड्यात जुन्या चादरीखाली पडून राहिली. येता-जाता माझा पाय अडकायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मुलगी म्हणायची, मी पुढे बसते, बाबांना मागे घेते. पण कुठे? आमच्या शहरातल्या गर्दीत ती सायकल वळवायला अख्खा चौक लागेल. तिघऱ्याच्या धरणाकडचा रस्ता सकाळी मोकळा असतो, पण तिथपर्यंत नेणार कशी? रिक्षात मावत नाही, साध्या मोटारीच्या टपावर ठेवली तर दोन्हीकडून बाहेर येते. म्हणून व्हॅन. सरकती दारं, काढता येणाऱ्या सीटा, वरून सपाट छप्पर. जुनी का असेना. खरं म्हणाल तर मला व्हॅन नकोच होती. मला माझा नवरा त्या खोलीतून बाहेर हवा होता.

मुरार भागाकडे जाताना रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं तिथे गेलो. हे येणारच नव्हते. मी म्हटलं, "ठीक आहे, मग मी रंग बघून घेऊन येते." मास्तरांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. आले.

आता आमची एक जुनी खोड सांगायला हवी. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लहानपणापासून शिकवतात, बाजारात दुकानदाराशी हिंदीत बोलायचं आणि आपापसांत मराठीत. सराफ्यात माझी आई सोनाराला "भैया, बहुत अच्छा है" म्हणायची आणि त्याच दमात माझ्याकडे वळून "ह्याचा फासा ढिला आहे, उठ" म्हणायची. सोनार आपला हसत बसायचा. आम्हाला वाटतं, आमची भाषा म्हणजे पडदा. ओढला की आत काहीही बोला.

आवाराचा मालक साठीचा, कपाळाला टिळा, तोंडात पान, आणि हिंदी अशी अस्सल इकडची की मी मनात लगेच त्याला 'इकडचा' या खान्यात टाकून दिलं. फाटकाशी पायरी होती. ह्यांचा पाय तिथे चाचपडला. मी पटकन मुलीला मराठीत म्हटलं, "बाबांचा हात धर, पण धरलाय असं दिसू देऊ नकोस. ह्यांच्या डोळ्यांचं या माणसाला कळलं की हा आपल्याला भंगार गळ्यात मारेल." ती म्हणाली, "हो आई, पण वो देख तो रहा है." हिची ही सवय. मराठीत सुरू करते आणि अर्ध्यातून हिंदीत घसरते. मी डोळे वटारले.

पांढरी एक व्हॅन होती, काय तिची चकाकी. माझा चेहरा दिसत होता दारात. मी तर मनातल्या मनात तिला हार घालून मोकळी झाले होते. ह्यांनी तिच्याजवळ जाऊन तळहात ठेवला आणि पुढून मागे हळूहळू सरकवत नेला, जसा आपण तापलेल्या पोराच्या अंगावरून नेतो. मग बोटाच्या पेराने टकटक करत गेले. आवाज येत होता टण, टण, टण, आणि मागच्या चाकापाशी एकदम थप. "पुट्टी," हे म्हणाले. "बोटभर जाड, पोचा लपवायला." खाली वाकून दाराच्या रबराच्या आत नख फिरवलं. कारखान्यात पत्रा जोडतात तिथे ठराविक अंतरावर छोटे गोल खड्डे लागतात म्हणे, ते इथे नव्हते. कुणीतरी नंतर जोडलेलं होतं. मी डोळे फाडून बघत होते त्या जागी, मला चकाकीशिवाय काही दिसेना.

कोपऱ्यात राखी रंगाची आणखी एक होती, धुळीने माखलेली. तिच्याकडे मी बघितलं पण नसतं. मालक म्हणाला, "एक ही मालिक की गाड़ी है, डॉक्टर साहब की." ह्यांनी मान डोलावली. दार सरकवलं, बंद केलं, परत सरकवलं, कान देऊन. आत वाकून चटई उचलली आणि वास घेतला. पुढच्या सीटखाली या गाड्यांचं इंजिन असतं. ते सुरू करायला लावून त्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. चेहरा असा शांत, की मी तो वर्षभरात पाहिलाच नव्हता. मग सरकत्या दाराच्या पट्टीत करंगळी घातली, काहीतरी खरवडून काढलं, बोटांवर चुरलं आणि मालकाकडे हात पुढे केला.

"पेंसिल का छिलका," हे म्हणाले. "और दरवाज़ा अंदर से नीचे-नीचे घिसा हुआ है, बच्चों के जूतों से. डॉक्टर साहब स्कूल चलाते थे क्या?"

मालक पान चघळायचा थांबला. मी वाकून पाहिलं. खरंच, पेन्सिलीला टोक करताना पडतो तो कचरा, आणि दाराच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या खाली रंग उडालेला. शाळेची व्हॅन होती ती. पंचवीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला, ह्यांच्या हातात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते, डोळ्यांबरोबर सगळंच चाललंय. आणि इथे हा माणूस मला न दिसणारी गाडी वाचून दाखवत होता. "सांगाडा मात्र सरळ आहे," हे मराठीत मला म्हणाले. "इंजिनाचा श्वास चांगला आहे. घ्यायची तर हीच."

मला आनंदाने काय करू नि काय नको झालं, आणि आनंद झाला की माझी जीभ सुटते. हे मागच्या बाजूला गेले तसं मी मुलीला म्हटलं, मराठीतच, पडदा ओढून, "घेऊ, पण खरं सांगू? हे त्या सायकलवर बसणार नाहीत. माहीत आहे मला. डोळे गेलेत हे स्वतःशीच कबूल करत नाहीत, मागे कसले बसतायत. पण त्या खोलीत बसलेले मला आता बघवत नाहीत गं."

मालकाने पानाची पिंक बाजूला टाकली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा जरा सावलीत. चहा मागवतो."

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं मला झालं. त्याचे पूर्वज, नंतर कळलं, दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेले, आमचे दरबारात कारकुनी करायला आलेले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहून मी त्याला ओळखलं नव्हतं. आणि लाज वाटली की मला राग येतो. म्हटलं, "मग आधी का नाही बोललात? चोरून ऐकत होतात?" तो म्हणाला, "तुम्ही आल्या आल्या हिंदी सुरू केलीत. मला वाटलं, मराठी माझ्यासाठी नाही." मग म्हणाला, "साहेबांना दिसत नाही हे मला फाटकातच कळलं. म्हणून तर पांढरी आधी दाखवली, खोटं कशाला बोलू. पण ही राखी महिनोन्‌महिने इथे उभी आहे, शंभर डोळस लोक बघून गेले. शाळेची आहे हे कुणी ओळखलं नाही."

मागच्या चाकापाशी हे उभे होते. सगळं ऐकलं होतं, माझंही आणि त्याचंही. मला वाटलं आता फाटकाकडे चालू लागतील आणि आयुष्यभर त्या खोलीतून बाहेर येणार नाहीत, आणि ते माझ्या तोंडामुळे.

हे गाडीला धरून धरून पुढे आले. मालकाचा आवाज होता तिकडे तोंड केलं. "बरोबर आहे," म्हणाले. "मला दिसत नाही. डाव्याने अजिबात नाही, उजव्याने नळीतून बघावं तितकं. तेही जाणार आहे." मग आमच्याकडे तोंड वळवून, "घरात बोलायचं राहून गेलं होतं."

मुलगी रडायला लागली. मी नाही. मी पर्समधून सुतळी काढली. सायकलच्या लांबीची मापून, गाठ मारून आणली होती, मागे मावते का बघायला. ह्यांच्या हातात एक टोक दिलं. त्यांनी ते परत केलं.

"सुतळी कशाला?" म्हणाले. "पुढचं चाक काढलं की साडेनऊ विती. मागच्या दोन्ही सीटा काढल्या तर तिरकी बसेल. दार घासायचं नाही."

"तुम्ही कधी मापली?"

"तू शाळेत असतेस तेव्हा. चेन पण ढिली होती, घट्ट केली."

तीन महिने मी त्या चादरीला शिव्या घालत होते आणि हे दुपारी एकटे चादर काढून बसत होते. मला तिथेच, त्या तेलकट आवारात, ह्यांच्या पायाला हात लावावासा वाटला. लावला नाही, मालक बघत होता.

महिनाभर शिकवणी लावून मी व्हॅन शिकले आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. सायकल तिरकी, तिच्या बाजूला गोधडी घालून मुलगी, पुढे हे. तिघऱ्याच्या वाटेवर मोकळी जागा बघून थांबलो. ह्यांनी हातांनीच चाक बसवलं. मुलगी पुढे बसली, हे मागे. पहिल्यांदा लडखडली, मग अशी काही सुटली की मला व्हॅनमध्ये परत चढायला पण वेळ मिळाला नाही. वळणापलीकडे गेली दोघं. मी रस्त्याच्या मधोमध उभी, तोंड उघडं ठेवून. परत आली तेव्हा ह्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि धाप लागलेली मुलगी म्हणत होती, "आई, बाबा रुकतच नाहीत."

"आता तू ये," हे मला म्हणाले.

मी म्हटलं, कॉलेजनंतर मी सायकलला हात लावलेला नाही, साडी नेसलेय, पाडीन तुम्हाला. "पाड," म्हणाले. मी पदर खोचला आणि बसले. हँडल धरलं. आणि मागून जो जोर आला, आईशपथ, तो मी कसा सांगू. माझ्या पायांना काही करावंच लागत नव्हतं, पॅडल आपोआप फिरत होतं, झाडं मागे पडत होती, उजवीकडे धरणाचं पाणी लखलखत होतं आणि हा न दिसणारा माणूस मला त्या सगळ्यातून भरधाव घेऊन चालला होता. इतका आनंद मला सोसेना. डोळे भरले, रस्ता दिसेना. मी चकार शब्द काढला नाही, हुंदका दिला नाही. पण दोन्ही पॅडलं एकाच साखळीवर असतात, माझे पाय अडखळलेले त्यांना कळले असावेत.

"डोळे पूस," हे मागून म्हणाले. "दोघांत मिळून तेवढेच आहेत."