शीळ कस्तुराविरुद्ध तक्रार

कसं सांगू तुम्हाला! स्वतःच्या फजितीची बातमी द्यायची म्हटली की तीस वर्षं मुरलेल्या बातमीदाराचीही लेखणी अडते. पण आज देतोच.

संपादकांनी मला बालपुरवणीसाठी लेख सांगितला. विषय काय? व्हेल शार्क आणि शीळ कस्तूर यांची तुलना! ज्यानं मंत्र्यांना घाम फोडला, त्यानं आता मासे-पाखरं लिहायची? भांडलो. उपयोग शून्य. मग शार्कची माहिती वाचून काढली आणि कस्तुराचं गाणं ऐकायला सकाळीच लोणावळ्याच्या वरच्या ठाकरवाडीत पोचलो.

ओढ्यावर वाडीतल्या सखूमावशी भांडी घासत होत्या. तेवढ्यात झाडीतून शीळ! अर्धवट चाल आठवणाऱ्या एखाद्या उडाणटप्पूनं घालावी तशी.

मी पेटलो. हे सुट्टीचे पर्यटक! बाईमाणूस दिसलं की शिट्ट्या?

"कोण आहे रे? बाहेर ये!"

उत्तरादाखल आणखी लांब शीळ. पलीकडच्या काठावरून दुसरी!

"भाऊ, आवं ऐका तरी..."

"घाबरू नका मावशी, मी आहे!"

लगेच पोलीस ठाण्यात फोन. "हवालदार, छेड काढणारी टोळी आहे! गाडी पाठवा, नाहीतर उद्या पहिल्या पानावर तुम्ही!"

बोलता बोलता ओढ्यात उतरलो, शेवाळावरून घसरलो आणि धप्पकन पाण्यात बसलो. फोन उडून मावशींपुढे पडला.

झाडीतून एक निळंकाळं पाखरू आलं, समोरच्या दगडावर बसलं आणि माझ्याकडे बघत त्यानं तीच शीळ घातली.

अहो, नावातच शीळ! माझ्याच वहीत लिहिलेलं! आता पोलीस येणार आणि तालुकाभर माझीच बातमी होणार.

मावशींनी फोन उचलला. "सायेब, गाडी नगं. भाऊंनी लय दम दिला, समदी गप झाली."

मागून कस्तूर गातच होता! पण माझी अब्रू वाचली. असा बचाव मोठ्या वकिलालाही जमला नसता. मी हात जोडले. त्यांनी घरी नेऊन कोरा चहा दिला, तेव्हा मी लेखाचं सांगितलं.

"पाखरू रोजचंच हाय. शीळ घालून आपली हद्द राखतंय. आन् त्यो मासा कसा असतो?"

"एसटीएवढा लांब. तोंड दाराएवढं. पण माणसाला चावत नाही हो, पाण्यातले बारीक जीव गाळून खातो."

मावशींनी माझ्या ओल्या विजारीकडे पाहिलं.

"मंग तुमच्या भावकीतलाच की वो!"