बाबांची नळी बदलण्याचा दिवस

बाबांना प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सोसायची नाही असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि लघवीसाठी कायमची नळी मागे लागली. ती दर महिन्याला बदलावी लागे. काम दहा मिनिटांचं, पण त्यात अख्खा दिवस जायचा.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर बाबा साताऱ्याला परतले नाहीत. तिकडे उत्तरेतच, हवाई तळाशेजारच्या बख्शी का तालाब गावी छोटं घर बांधून राहिले. आई गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले. शहरातल्या एका संशोधन संस्थेत माझी नोकरी होती. नळीच्या दिवशी मी रजा टाकायची. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, लघवीची पिशवी पायजम्याच्या आत नीट बांधून तयार बसलेले असायचे.

रुग्णालयात आधी पर्चा, म्हणजे केसपेपर, काढायची रांग. मग डॉक्टरांच्या दाराशी रांग, कशासाठी तर ‘नळी बदला’ एवढं लिहून घ्यायला. मग बाहेरच्या मेडिकलमधून नळी आणायची, कारण आतल्या स्टोअरमध्ये हव्या त्या मापाची कधीच नसे. हे सगळं उरकून ड्रेसिंग रूमपाशी पोचावं, तर तिथला माणूस जेवायला गेलेला. बाबा प्रत्येकाला ‘भाई साहब’ म्हणून नमस्कार करत आणि आपला नंबर आला की मला बाहेर थांबायची खूण करत. आत वॉर्डबॉय मदतीला असे. मीही कधी दाराच्या फटीतून डोकावले नाही. हा आमच्यातला न बोललेला करार होता.

एका जूनमध्ये बदलायची तारीख यायच्या आधीच नळी तुंबली. सकाळपासून पिशवी कोरडी होती. दहा वाजेपर्यंत बाबांचं पोट दगडासारखं झालं. रिक्षा करून कसेबसे पोचलो. इमर्जन्सीतल्या बाई म्हणाल्या, नळी बदलणं हे रोजचं काम आहे, ओपीडीत जा. ओपीडीत सांगितलं, मूत्रविकाराचा वार आज नाही, गुरुवारी या. मी परत इमर्जन्सीत आले. बाबा बाकड्यावर दोन्ही हात मांड्यांवर रोवून बसले होते. कपाळावरून घाम गळत होता. मी भांडायचं ठरवून गेले होते. काउंटरपाशी पोचले तेव्हा भांडण्याइतकाही दम उरला नव्हता. फक्त म्हणाले, “देख लीजिए, बहुत तकलीफ़ में हैं.”

शेवटी एक तरुण डॉक्टर उठला. त्याने बाबांना पडद्याआडच्या खाटेवर झोपवलं. हातमोजे चढवले आणि तेवढ्यात वीज गेली. जनरेटरवर बाहेरच्या कॉरिडॉरमधले दिवे लागले, आत अंधारच राहिला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन कुठेतरी गेला होता.

“आप बेटी हैं? मोबाइल की टॉर्च पकड़िए,” डॉक्टर म्हणाला.

“इन्हें रहने दीजिए,” बाबा हळूच म्हणाले.

“बाबूजी, यहाँ और कोई नहीं है.”

मी भिंतीकडे बघत टॉर्च धरली. उजेड सरकला. डॉक्टर वैतागून म्हणाला, इकडे बघून धरा. मग मी बघितलं. बाबांनी डोळ्यांवर हात आडवा घेतला होता. जुनी नळी निघाली, नवी गेली, पिशवी भराभर भरू लागली. बाबांनी लांब श्वास सोडला. मला ना रडू आलं ना हायसं वाटलं, नुसतं कुठेतरी बसावंसं वाटलं.

जाताना डॉक्टरने सांगितलं की नळी तुंबू नये म्हणून घरी सिरिंजने सलाइन सोडून ती धूत जा. हे आम्हाला आधीही सांगितलेलं होतं. बाबा न्हाणीघराची कडी लावून स्वतःच करून बघत, पण त्यांचे हात कापत.

परतताना सीतापूर रोडभर ते रिक्षाबाहेर बघत राहिले. संध्याकाळी मी मऊ भात वाढला. दोन घास खाऊन ते ताटाकडे बघत म्हणाले, “ते सिरिंजचं काम माझ्याच्यानं नीट होत नाही. उद्यापासून तू कर.”

“बरं,” मी म्हणाले आणि त्यांना ताक वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात धुऊन, सिरिंज भरून त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी हिंदी पेपर उघडून आमच्या मध्ये धरला आणि बातम्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कुठे पाणी तुंबलंय, मलिहाबादला दशहरी आंब्याला भाव कसा नाही. मी मधेमधे ‘अच्छा’ म्हणत राहिले. काम संपलं तरी ते पान संपेपर्यंत वाचत होते.

त्यानंतर नळी क्वचितच तुंबली. चकरा मात्र चुकल्या नाहीत. पुढच्या महिन्यात गेलो, तर ओपीडीत नवीन डॉक्टर आले होते. त्यांनी पर्चा उलटसुलट करून विचारलं की हे सगळं कधीपासून आहे. बाबांनी माझ्याकडे बघून ‘तू सांग’ अशी मान हलवली. मी हातातली कागदांची पिशवी बाकड्यावर ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.